मुलांना लिहायला शिकवणारं पुस्तक द्या

प्रति,
मराठी भाषा समिती व अभ्यासगटाचे सर्व सदस्य,
महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळ (बालभारती), पुणे

माहितीसाठी प्रत: महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ

विषय: नववी-दहावीच्या नव्या मराठी पुस्तकांतलं लेखनाचं स्थान

सप्रेम नमस्कार,

शासनाने एप्रिल २०२५ मध्ये जाहीर केलेल्या वेळापत्रकानुसार नवा अभ्यासक्रम नववीला २०२७-२८ मध्ये आणि दहावीला २०२८-२९ मध्ये यायचा आहे. म्हणजे या दोन इयत्तांच्या मराठी पुस्तकांचं काम तुमच्यासमोर आहे किंवा लवकरच येईल. एकदा पुस्तक छापून आलं की ते वर्षानुवर्षं बदलत नाही. दहावीची सध्याची कुमारभारती (मराठी माध्यमाचं मराठीचं पुस्तक) २०१८ साली आली आणि तेव्हापासून तिच्यावरच मुलांच्या बॅचमागून बॅच बाहेर पडल्या. नवं पुस्तक हातात पडल्यावर तक्रार करून काही होत नाही, म्हणून आत्ताच लिहिते आहे. आणि खुलं लिहिते आहे, कारण हा विषय समितीच्या बैठकीपुरता ठेवण्यासारखा नाही. ज्यांची मुलं ही पुस्तकं वापरणार आहेत त्यांनीही हे वाचावं आणि पटलं तर तुम्हाला कळवावं.

मी नवी मुंबईतल्या एका अनुदानित मराठी शाळेत नववी-दहावीला मराठी शिकवते. माझ्या वर्गात घणसोली, तळवली, गोठिवलीच्या आगरी-कोळी घरांतली मुलं आहेत. सातारा-सांगलीकडून येऊन एपीएमसी मार्केटात माथाडी म्हणून राबणाऱ्यांची मुलं आहेत. आई चार घरची धुणीभांडी करते आणि वडील रिक्षा चालवतात, अशीही बरीच आहेत. यातल्या बहुतेकांच्या घरात कागदावर काही लिहायचं म्हटलं की ते काम याच मुलांकडे येतं. रेशनकार्डासाठी अर्ज, सोसायटीला पत्र, गावच्या जमिनीच्या कागदासाठी विनंती. शाळा सोडल्यावर त्यांना मराठी लिहायला शिकवणारं कुणी नसतं. दहावीपर्यंत जे मिळेल तेच.

आधी जे चांगलं झालं ते सांगते. कृतिपत्रिका, म्हणजे कृतींवर आधारलेली प्रश्नपत्रिका, आल्यापासून नुसत्या पाठांतराची सद्दी बरीच कमी झाली. उपयोजित लेखनाला कुमारभारतीच्या ८० गुणांपैकी २४ गुण आहेत, म्हणजे जवळजवळ तिसरा हिस्सा. पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, प्रसंगलेखन, आत्मकथन, वैचारिक लेखन असे प्रकार मुलांसमोर येतात. हे सगळं नको, असं माझं अजिबात म्हणणं नाही.

माझं म्हणणं असं आहे की आपली पुस्तकं लेखन तपासतात, शिकवत नाहीत. धडा कसा वाचायचा, कवितेतलं सौंदर्य कसं ओळखायचं, समास कसा सोडवायचा, हे पुस्तक हाताला धरून दाखवतं. लिहायची पाळी आली की तेच पुस्तक मुद्दे देतं, नमुना देतं आणि बाजूला होतं. मूल लिहितं, आम्ही गुण देतो. मधे जे घडायला हवं त्याला पुस्तकात पान नाही.

ही पहिली तक्रार, आणि बाकीच्या तिच्यातूनच निघतात, म्हणून तिच्यावर जरा थांबते.

गणिताचं पुस्तक उघडा. सोडवलेलं उदाहरण पायरी-पायरीने दिलेलं असतं. परीक्षेतही उत्तर चुकलं तरी पायऱ्यांचे गुण मिळतात. मराठीच्या पुस्तकात मात्र नमुना पत्र किंवा नमुना बातमी येते ती थेट तयार होऊन. त्या पत्राचा पहिला खर्डा कसा होता, त्यातलं काय काढलं, कुठलं वाक्य खालून वर नेलं, हे मुलाला कधीच दिसत नाही. त्यामुळे चांगलं लिहिणाऱ्याच्या लेखणीतून ते एकदमच असं उतरतं, अशी त्याची समजूत होते. स्वतःचं तसं उतरत नाही म्हटल्यावर ते एकच निष्कर्ष काढतं: मला लिहिता येत नाही. शिक्षकांच्या खोलीतही आम्ही असंच बोलतो. हिला लिहिता येतं, त्याला येत नाही. जणू लिहिणं ही जन्माबरोबर येणारी गोष्ट आहे.

एका मुलाच्या लिखाणाबद्दल सांगते. त्याची आणि त्याच्या घरच्यांची परवानगी घेतली आहे, नाव देत नाही. विषय होता वडील. त्याने पहिल्यांदा लिहिलं:

'माझे बाबा खूप कष्टाळू आहेत. ते पहाटे लवकर उठतात. ते आमच्यासाठी दिवसरात्र मेहनत करतात. त्यांच्या कष्टाचे चीज करणे हे माझे स्वप्न आहे. मला माझ्या बाबांचा अभिमान आहे.'

ऱ्हस्व-दीर्घाची एकही चूक नाही. परीक्षेत याला बरे गुण मिळतील. पण हे बाबा कुणाचेही असू शकतात. मी वहीवर गुण न देता त्याला एवढंच विचारलं, की तू झोपलेला असताना बाबा उठले हे तुला कसं कळतं? दोन दिवसांनी त्याने हे आणून दाखवलं:

'बाबा उठले की आधी मोरीतल्या बादलीचा आवाज येतो. लाइट ते लावत नाहीत. अंधारातच शर्ट शोधतात. पिशवीत हूक टाकताना तो डब्यावर आपटू नये म्हणून फडक्यात गुंडाळतात. मार्केट बंद असतं त्या दिवशीपण ते त्याच टायमाला उठतात आणि खाटेवर बसून राहतात. मला माझ्या बाबांचा अभिमान आहे.'

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, गोणी उचलायला माथाडी हूक वापरतात. तो आवाज होऊ नये म्हणून फडक्यात गुंडाळणारा माणूस या मुलाने रोज अंथरुणातून ऐकला होता. पण तो लिहिण्यासारखा आहे, हे त्याला दहावीपर्यंत कुठल्याही पुस्तकाने सांगितलं नव्हतं. वही परत घेताना त्याने आपणहून शेवटच्या वाक्यावर काट मारली. म्हणाला, "बाई, हे आता लिहायची गरज नाही." लेखनातली फार मोठी गोष्ट त्याला त्या एका काट मारण्यात कळली. ती कळायला काय लागलं? एक प्रश्न आणि दुसऱ्यांदा लिहायची मुभा. पुस्तकात या दोन्ही गोष्टींना जागा नाही. दुसऱ्यांदा लिहिणं म्हणजे आमच्याकडे चुका झाल्या म्हणून झालेली शिक्षा: दहा वेळा लिहून आण.

दुसरी तक्रार खाडाखोडीबद्दल. मुलं खोडायला घाबरतात. वहीत व्हाइटनर फासतात, पान फाडतात, पण काट मारलेली दिसू देत नाहीत. स्वच्छ अक्षर हवंच, त्याबद्दल वाद नाही. पण स्वच्छ प्रत ही शेवटची असते, तिच्याआधी एक गिचमिड पान असावं लागतं आणि त्या पानाला शाळेत मान हवा. हे मुलांच्या मनात ठसवण्याचं काम तुमचं पुस्तक फार सहज करू शकतं. प्रत्येक धड्याच्या सुरुवातीला लेखकाचा परिचय असतो. जन्मसाल, प्रसिद्ध पुस्तकं, मिळालेले पुरस्कार. त्यातून मुलाला लेखक मोठा माणूस आहे एवढं कळतं. तो लिहितो कसा, याबद्दल एक ओळ नसते. त्याच चौकटीशेजारी त्या लेखकाच्या हस्तलिखिताचं एक पान छापलं, खोडलेल्या शब्दांसकट, समासात घुसवलेल्या ओळींसकट, तर मी चार तास बोलून जे सांगू शकणार नाही ते मुलं एका नजरेत पाहतील. ज्यांचे धडे तुम्ही घेता त्यातले कितीतरी लेखक हयात आहेत. त्यांच्याकडे एक कच्चं पान मागायला काय हरकत आहे?

तिसरी तक्रार मुलाच्या मताबद्दल आहे आणि ती मला सगळ्यात जास्त लागते. दहावीच्या कृतिपत्रिकेत कवितेवर एक कृती असते: प्रस्तुत कविता आवडण्याचे वा न आवडण्याचे कारण लिहा. ज्या कुणी 'न आवडण्याचे' हे शब्द तिथे घातले त्यांचे मी मनापासून आभार मानते. पंधरा वर्षांच्या मुलाला कविता आवडली नाही असं म्हणण्याचा हक्क आहे, हे शासनाच्या परीक्षेने मान्य केलं. पण मला भेटणाऱ्या बहुतेक मुलांना सगळ्या कविता आवडतात आणि त्याही त्याच त्या कारणांसाठी: भाषा साधी व सोपी आहे, आशय मनाला भिडतो, कविता प्रेरणादायी आहे. बाजारातल्या गाइडमध्ये हे उत्तर प्रत्येक कवितेखाली छापलेलं असतं. 'स्वमत'चंही तेच. स्वतःचं मत विचारणाऱ्या प्रश्नाचं छापील उत्तर पाठ करून लिहिलं जातं आणि आम्ही त्याला गुण देतो, कारण त्यात चुकीचं काहीच नसतं.

याचा दोष मी गाइडवाल्यांवर टाकणार नाही. न आवडण्याचं कारण कसं लिहायचं हे पुस्तकाने एकदा तरी दाखवायला हवं होतं. एखादी कविता न आवडलेल्या वाचकाने आदराने, ओळींचा आधार घेऊन लिहिलेले दहा-बारा ओळींचे टिपण पुस्तकात हवं. ते नाही, म्हणून मूल सुरक्षित वाट धरतं. न आवडलं असं लिहिलं तर तपासणारे बाई-सर रागावतील, ही भीती मुलांनी मला तोंडावर सांगितली आहे.

चौथी गोष्ट विषयांची. मी नदी बोलतेय, मी फळा बोलतोय, मी झाड बोलतोय. आत्मकथनाचे हे विषय वर्षानुवर्षं फिरतात. माझ्या वर्गाच्या खिडकीतून ठाण्याची खाडी फार लांब नाही. त्या पाण्यावर आजोबांचं घर चाललं अशी मुलं समोर बसलेली असतात आणि वहीत मात्र 'मी डोंगरातून खळखळत वाहते' असं लिहितात. त्यांनी पाहिलेलं पाणी खळखळत नाही. ते भरतीला गुपचूप चढतं, ओहोटीला चिखल उघडा टाकून जातं, त्या चिखलात निवट्या (चिखलातले छोटे मासे) उड्या मारतात. हे मूल पाहतं, पण निबंधात हे चालतं असं त्याला वाटत नाही. विषय देणाऱ्याने मुलाच्या डोळ्यांसमोर काय आहे याचा विचार केला नाही, तर मूलही तिकडे बघायचं सोडून देतं.

याला लागूनच बोलीचा प्रश्न येतो. धड्यातल्या पात्रांच्या तोंडी बोली असते, ती आम्ही वर्गात कौतुकाने वाचतो. मुलाने स्वतःच्या लिखाणात ती आणली की लाल शाई. एका मुलीने लिहिलं होतं, 'भांगाचे दिवस होते, म्हणून बापूस घरीच होता.' अष्टमीच्या सुमाराला भरती-ओहोटीचा जोर कमी असतो, त्या दिवसांना भांग म्हणतात. तेव्हा जाळ्याला फारसं काही लागत नाही. हे सगळं तिने सात शब्दांत सांगितलं. प्रमाण मराठीत तेच सांगायला मला दोन वाक्यं लागली. अशा वाक्याखाली रेघ मारायची की नाही, याबद्दल शिक्षकाला पुस्तकाकडून काहीच मार्गदर्शन नाही. प्रत्येक जण आपापल्या परीने ठरवतो आणि बहुतेक जण रेघ मारतात, कारण बोर्डाच्या पेपरात गुण जातील ही धास्ती. लेखनाचे नियम शिकवायलाच हवेत. १९६२ चे चौदा आणि १९७२ साली भर पडलेले चार, हे अठराही नियम मी शिकवते आणि आवडीने शिकवते. पण ते शेवटच्या खर्ड्यावर लावायचे असतात. पहिल्याच ओळीपासून मूल वेलांटी पहिली की दुसरी यात अडकलं, तर सांगायचं काय होतं तेच निसटतं.

पाचवी तक्रार: मुलांच्या लिखाणाला वाचक नाही. पत्रलेखनात मूल 'अ. ब. क.' होतं. परीक्षेत ओळख लपवायची म्हणून ते ठीक आहे. पण वर्षभराच्या सरावातही ते 'अ. ब. क.' म्हणूनच कुठल्यातरी रोपवाटिकेकडून रोपं मागवतं किंवा ग्रंथप्रदर्शनासाठी पुस्तकं. ती रोपं येणार नाहीत हे त्याला पक्कं ठाऊक असतं. गेल्या काही वर्षांत मी वर्गाला खरी पत्रं लिहायला लावते. रस्त्यावरचे दिवे बंद होते, त्याबद्दलच्या पत्राचा पहिला खर्डा मुलींनी लिहिला: 'आमच्या परिसरात दिव्यांअभावी नागरिकांची गैरसोय होत आहे.' मी म्हटलं, हे ज्याच्या टेबलावर जाईल तो माणूस कुठे येणार? दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावरून फिरून खांबांवरचे नंबर लिहून आल्या. क्लासवरून परत येताना किती वाजता तिथून जावं लागतं, तेही पत्रात आलं. सविनय, महोदय, कळावे, हे सगळं तसंच राहिलं. पण आता त्या पत्राला पत्ता होता आणि लिहिणाऱ्यांना आपण कुणाशी बोलतोय हे माहीत होतं. यासाठी पैसा लागला नाही. पुस्तकात 'उपक्रम' म्हणून अशी एक ओळ असती तर माझ्यासारख्या अनेकांनी ती घेतली असती. ओळ नसते म्हणून मुख्याध्यापकांना, पालकांना दर वेळी समजावत बसावं लागतं, की अभ्यासक्रम सोडून मी हे काय चालवलंय.

आणि त्या कोऱ्या पानांबद्दल. २०२३-२४ पासून दुसरी ते आठवीच्या पुस्तकांत नोंदींसाठी वहीची पानं जोडली होती. दप्तराचं ओझं कमी करायचा हेतू होता. मुलं वह्या आणतच राहिली, हेतू साधला नाही, आणि २०२५-२६ साठी ती पानं काढून टाकायचा निर्णय झाला. ओझ्याचा आणि खर्चाचा हिशेब झाला तो बरोबरच असेल. पण पुस्तकाच्या आत मुलाच्या हातच्या अक्षरांना पहिल्यांदाच जागा मिळाली होती. तिथे त्याने काय लिहिलं, काय लिहायला सांगायला हवं होतं, यावर बोललेलं मी कुठे ऐकलं नाही. पानं दिली तेव्हाही नाही, काढली तेव्हाही नाही.

यावर तुमच्यापैकी अनेक जण म्हणतील, आणि बरोबर म्हणतील, की वर्गात साठ-साठ मुलं असताना खर्डे तपासायचे कुणी? मला ही अडचण रोज दिसते. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, त्यातून उरलेल्या वेळात साठ वह्या. म्हणून सगळे खर्डे शिक्षकाने तपासावेत असं मी म्हणतच नाही. मुलं एकमेकांचं वाचू शकतात. शेजारच्याने फक्त दोन प्रश्न लिहायचे: इथे मला दिसलं नाही, इथे मला अजून ऐकायचंय. चुका काढायच्या नाहीत. याची सवय लागायला महिनाभर जातो, पण नंतर वर्ग आपोआप चालतो. कसं वाचायचं, काय विचारायचं, याच्या पाच-सहा ओळी पुस्तकात असल्या की पुरे.

दुसरा मुद्दा हल्ली शिक्षकांकडूनच ऐकू येतो. फोनवर विषय टाकला की निबंध तयार मिळतो, मग आता लेखन शिकवून उपयोग काय? मला तर उलट वाटतं. घरून तयार निबंध आणायला सांगणं आता खरंच निरुपयोगी झालं आहे. पण मोरीतल्या बादलीचा आवाज फोनला माहीत नाही. वर्गात, समोर बसून, आपल्या डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचे खर्डे करायचे, हे आजच्याइतकं गरजेचं पूर्वी कधी नव्हतं.

आता मागण्या.

१. नववी आणि दहावीच्या प्रत्येक मराठी पुस्तकात, कुमारभारतीत तसंच अक्षरभारतीत (इतर माध्यमांच्या शाळांतलं मराठीचं पुस्तक), लेखनाचे किमान चार स्वतंत्र पाठ द्या. ते पुस्तकाच्या शेवटी नकोत. गद्य आणि पद्याच्या मधे, अनुक्रमणिकेत, तासिका ठरवून दिलेले हवेत. शेवटी जे असतं ते जानेवारीत उरकलं जातं, हे तुम्हालाही ठाऊक आहे.

२. या पाठांत खर्डे दाखवा. एका लेखकाच्या हस्तलिखिताचं पान आणि एखाद्या विद्यार्थ्याच्या लिखाणाचे दोन टप्पे, काय बदललं आणि का याच्या टिपांसह.

३. अंतर्गत २० गुणांपैकी १० गुण लेखनसंचिकेला द्यावेत, अशी शिफारस राज्य मंडळाकडे करा. मार्च २०१९ च्या परीक्षेत भाषेला अंतर्गत गुण नव्हते. दहावीचा निकाल ७७.१० टक्क्यांवर उतरला आणि पुढच्याच वर्षापासून हे गुण परत आले. ते परत आले याचा मला आनंद आहे, पण आज बहुतेक ठिकाणी ते सरसकट वाटले जातात. वर्षभरात मुलाने स्वतः निवडलेल्या तीन लेखांची संचिका, प्रत्येकाचा पहिला आणि शेवटचा खर्डा जोडलेला, एवढं मागितलं तरी त्या गुणांमागे काम उभं राहील. गुण खर्ड्यांमधल्या बदलाला असावेत.

४. उपयोजित लेखनाचे २४ गुण कमी करू नका. लेखनकौशल्याच्या पर्यायांत एक पर्याय असा ठेवा, ज्यात मुलाला आपल्या परिसरातली, स्वतः पाहिलेली गोष्ट लिहिता येईल आणि शंभर-सव्वाशे शब्दांचं कुंपण थोडं सैल असेल.

५. बोलीतल्या शब्दांबद्दल आणि संवादांबद्दल शिक्षकांसाठी स्पष्ट सूचना छापा. कुठे चालेल, कुठे नाही, तपासताना काय करायचं. तीच सूचना परीक्षकांच्या बैठकीत वाचली जावी. आमच्या मुंबई विभागीय मंडळाचं कार्यालय वाशीतच आहे. तिथे ही सूचना पोचली तर ठाणे जिल्ह्यातल्या सगळ्या आगरी, कोळी, वारली घरांतल्या मुलांना तिचा उपयोग होईल.

६. कविता न आवडल्याचं एक चांगलं टिपण पुस्तकात द्या.

७. अभ्यासगटात सध्या वर्गावर शिकवणारे शिक्षक घ्या: जिल्हा परिषदेच्या, महापालिकेच्या, अनुदानित शाळांतले, आणि इंग्रजी माध्यमात अक्षरभारती शिकवणारेही. २०२० च्या कायद्याने मराठी सगळ्या शाळांत अनिवार्य झालं आहे. घरी मराठी न बोलणारी कितीतरी मुलं नवी मुंबईत याच पुस्तकांवर मराठी लिहायला शिकणार आहेत आणि त्यांना तयार वाक्यं पाठ करण्यापलीकडे काहीतरी द्यायला हवं. लेखनाचे पाठ छापण्याआधी काही शाळांत शिकवून पाहा आणि मुलांच्या वह्या मागवून घ्या.

८. शिक्षक प्रशिक्षणात शिक्षकांना लिहायला लावा. ज्याने स्वतः एक पान तीन वेळा लिहिलेलं नाही त्याला दुसऱ्याच्या पहिल्या खर्ड्याशी कसं वागायचं हे कळत नाही. यासाठी लांब जायला नको. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून उभं आहे, २०१० साली ८४ वं साहित्य संमेलन ठाण्यातच भरलं होतं, लिहिणारी माणसं ठाणे आणि नवी मुंबई या दोन्ही शहरांत भरपूर राहतात. त्यांना व्याख्यानाला बोलावण्याऐवजी आपला कच्चा कागद घेऊन शिक्षकांसोबत दोन तास बसायला बोलवा. माझा अनुभव आहे, लेखक याला नाही म्हणत नाहीत.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्राने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला तेव्हा आमच्या शाळेतही फलक लागले, मुलांनी भाषणं केली. मीही होते त्यात. ती भाषणं आम्ही शिक्षकांनी लिहून दिली नाहीत, मुलांनी लिहिली, आणि त्यातली दोन खरोखर ऐकण्यासारखी होती. त्या दोन्ही मुलांनी आपलं भाषण आधी चार जणांना वाचून दाखवून बदललं होतं. मी तुमच्याकडे जे मागते आहे ते असं, सगळ्या मुलांसाठी, पुस्तकातून.

माझ्याकडे मुलांच्या लेखनसंचिका आहेत. पालकांची लेखी परवानगी घेऊन, नावं झाकून, त्यांच्या प्रती मी समितीकडे पाठवायला तयार आहे. तुमच्यापैकी कुणी वर्गात येऊन बसणार असाल तर कुठल्याही दिवशी या, फक्त सहामाही आणि सराव परीक्षेचे दिवस सोडून.

शेवटची विनंती कामकाजाबद्दल. २०२४ साली राज्य अभ्यासक्रम आराखड्याचा मसुदा अभिप्रायासाठी आला तो मे महिन्यात, जेव्हा शाळा बंद असतात आणि शिक्षक गावी गेलेले असतात. नववी-दहावीच्या मराठी पुस्तकांचा मसुदा शाळा सुरू असताना जाहीर करा आणि तो वर्गात वाचून, मुलांनाही विचारून, अभिप्राय लिहायला आम्हाला निदान दीड महिना द्या.

आपली,
माध्यमिक शाळेतली एक मराठी शिक्षिका
घणसोली, नवी मुंबई